सोन्याची कसोटी, मातीची कसोटी

दिवाळीच्या सुट्टीत मी आईबरोबर सोनाराकडे गेले होते. आईच्या जुन्या बांगड्या झिजल्या होत्या, त्या मोडून नव्या करायच्या होत्या. माझ्या लहानपणी सोनारकाका काय करायचे, माहीत आहे? काळ्याभोर कसोटीच्या दगडावर बांगडी घासायचे. दगडावर पिवळी रेघ उमटायची. त्या रेघेवर अॅसिडचा थेंब टाकायचे आणि रेघ कितपत टिकते ते पाहून सोन्याचा कस सांगायचे. 'कसाला लागणे', 'कसोटीला उतरणे' हे वाक्प्रचार तुम्ही परीक्षेसाठी पाठ करता ना, ते या दगडावरूनच आले.

या वेळी मात्र काकांनी दगड काढलाच नाही. टेबलावर मिठाईच्या खोक्याएवढं एक यंत्र होतं. काकांनी बांगडी त्यात ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं. ना घासणं, ना कापणं, ना अॅसिड! आम्ही पाण्याचा ग्लास संपवतो न संपवतो तोच पडद्यावर आकडे आले. सोनं किती टक्के, तांबं किती, चांदी किती, सगळं तिथल्या तिथे.

मी पडले शिक्षिका! गप्प कशी बसणार? मी विचारलं, "काका, यात बांगडीऐवजी माती ठेवली तर?"

काका हसले. म्हणाले, "बाई, माती तपासून घ्यायला कोण येणार माझ्याकडे?"

पण मुलांनो, माती तपासून घेणारी माणसं जगात आहेत. एकदोन नव्हेत, हजारो! त्यांच्या मातीत काय सापडलं आणि ते तुम्हाआम्हाला का कळायला हवं, त्याचीच ही गोष्ट.

भांडं पडलं, ओळखा कोणतं!

आधी हे यंत्र चालतं कसं ते पाहू. त्याच्या तंत्राचं नाव जरा लांबलचक आहे, 'एक्स-रे फ्लुओरेसन्स'. आपण त्याला थोडक्यात 'एक्सआरएफ' म्हणू.

दहीहंडीचे थर तुम्ही पाहिले आहेत. अणूतही असेच थर असतात. मध्यभागी केंद्रक आणि त्याच्याभोवती इलेक्ट्रॉनचे थर. यंत्रातून निघालेला क्ष-किरण, म्हणजेच एक्स-रे, अणूवर आदळतो आणि अगदी आतल्या थरातला एखादा इलेक्ट्रॉन ढकलून बाहेर काढतो. आत जागा रिकामी झाली! मग काय होतं? बाहेरच्या थरातला एक इलेक्ट्रॉन लगेच त्या जागी उतरतो. उतरताना त्याच्याजवळ थोडी ऊर्जा जास्तीची उरते. ती तो एका नव्या क्ष-किरणाच्या रूपात बाहेर फेकतो.

खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूतून निघणाऱ्या या नव्या किरणाची ऊर्जा ठरलेली असते. स्वयंपाकघरात भांडं पडलं, तर आई बाहेरच्या खोलीत बसून ओळखते, "अरे, पितळेचं पातेलं पाडलंस वाटतं!" स्टीलच्या वाटीचा आवाज वेगळा, पितळेचा वेगळा, ॲल्युमिनिअमच्या डब्याचा आणखी वेगळा. तसंच हे. लोखंडाचा 'आवाज' ६.४, तांब्याचा ८.०, जस्ताचा ८.६. (हे आकडे 'किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट' या एककात आहेत.) यंत्राच्या आत एक 'कान' असतो. कोणते आवाज आले यावरून तो मूलद्रव्याचं नाव सांगतो आणि किती वेळा आले यावरून त्याचं प्रमाण.

मूलद्रव्यांच्या या आवाजांतला क्रम हेन्री मोझली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ साली शोधून काढला. तेव्हा तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या रणभूमीवर तो मारला गेला. त्याचं काम मात्र आज सोनाराच्या टेबलापासून चंद्रापर्यंत पोचलं आहे. हो, चंद्रापर्यंत! २०२३ साली आपलं चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेव्हा 'प्रज्ञान' गाडीने तिथली माती तपासली. तिच्यावरचं एक उपकरण याच तत्त्वावर चालत होतं.

सिडनीकरांनी मातीच्या पुड्या पाठवल्या

आता चला ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात. तिथे अनेक घरांना पुढे अंगण, मागे परसबाग असते. लोक हौसेने टोमॅटो, पालेभाज्या लावतात. २०१३ साली तिथल्या मॅक्वेरी विद्यापीठातल्या प्रा. मार्क टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपक्रम सुरू केला. नाव ठेवलं 'व्हेजसेफ'. त्यांनी लोकांना सांगितलं, "तुमच्या बागेतली थोडी थोडी माती पिशव्यांत भरून टपालाने पाठवा. आम्ही ती फुकट तपासून देऊ."

माती कशी घ्यायची, कुठली घ्यायची याच्या सूचना त्यांनी दिल्या. घरासमोरची वेगळी, मागची वेगळी, भाजीच्या वाफ्यातली वेगळी. आणि एक पुडी पागोळ्यांखालची, म्हणजे छपरावरचं पावसाचं पाणी भिंतीलगत जिथे गळतं तिथली. विद्यापीठात ही माती हातात धरता येईल अशा एक्सआरएफ यंत्राने तपासली जायची. हे यंत्र एखाद्या ड्रिल मशीनसारखं दिसतं. त्यातून क्ष-किरण निघत असल्यामुळे ते शिकलेल्या माणसानेच वापरायचं असतं. माणसाकडे तोंड करून ते कधीही धरायचं नाही.

तीन वर्षांत १,२०० हून जास्त घरांमधून ५,२०० हून जास्त पुड्या आल्या! सगळ्यांत काळजीचा धातू ठरला शिसे. निवासी बागेच्या मातीत १ किलोला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नसावं, असं ऑस्ट्रेलियाचं मार्गदर्शक प्रमाण आहे. ३०० मिलिग्रॅम म्हणजे किती? किलोभर मातीत चिमूटभर मिठाएवढं! सिडनीतल्या १०० पैकी ४० घरांत शिसं या मर्यादेच्या वर निघालं. १०० पैकी १५ घरांत तर ते १,००० मिलिग्रॅमच्याही वर होतं.

आता हे सरासरी आकडे पाहा आणि स्वतः डोकं चालवा. (सगळे १ किलो मातीतले मिलिग्रॅम आहेत.)

पागोळ्यांखाली: ७०७
घरासमोर: ४१३
भाजीच्या वाफ्यात: ३०१
घरामागे: २२६

पागोळ्यांखाली सगळ्यांत जास्त आणि घरामागे सगळ्यांत कमी. असं का बरं? आणखी एक सूत्र देते. शहराच्या मध्यभागी शिसं सर्वांत जास्त होतं. ३०-४० किलोमीटर बाहेर गेलं, की ते २०-३० मिलिग्रॅमवर येत होतं, म्हणजे निसर्गतः मातीत असतं तेवढंच. पेन्सिल घ्या आणि तुमचा अंदाज समासात लिहून ठेवा. उत्तर पुढे येईलच.

कोंबड्यांनी दिलेला निरोप

पेन्सिलीवरून आठवलं. आपण 'शिसपेन्सिल' म्हणतो खरं, पण तिच्यात शिसं नसतंच! असतं ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचा एक प्रकार. खरं शिसं फार वेगळं. शरीराला त्याचा काडीचाही उपयोग नाही. उलट शरीर फसतं आणि शिशाला कॅल्शिअम समजून हाडांत साठवून ठेवतं. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला ते सर्वांत जास्त त्रास देतं. लक्ष लागत नाही, शिकलेलं लवकर उमगत नाही. गिळलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या शरीरात जेवढं मुरतं, त्याच्या चार ते पाच पट मुलांच्या शरीरात मुरतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की अमुक इतकं शिसं शरीरात गेलं तर चालेल, अशी सुरक्षित पातळी माहीतच नाही.

आणि हे सगळं गुपचूप! शिशाच्या धुळीला वास नाही, रंगावरून ती ओळखू येत नाही. पोटात गेली तरी लगेच काही जाणवत नाही.

सिडनीत हे गुपित कोंबड्यांनीही उघड केलं. तिथे बरेच लोक परसात कोंबड्या पाळतात. कोंबडीला तर तुम्ही ओळखताच! दिवसभर माती उकरायची, चोचीने टिपायची, धुळीत अंग घुसळायचं. शास्त्रज्ञांनी ५५ बागांमधल्या ६९ कोंबड्या तपासल्या. ३१ कोंबड्यांच्या रक्तात शिसं इतकं होतं, की त्यांच्या तब्येतीवर परिणाम होऊ शकेल. परसातल्या अंड्यांमध्ये दुकानातल्या अंड्यांपेक्षा सरासरी ४० पट शिसं सापडलं. घरचं ताजं अंडं म्हणून कौतुकाने मुलांच्या ताटात वाढलेलं ते अंडं!

हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. अंडं खायला योग्य राहायचं असेल, तर मातीत शिसं किलोला ११७ मिलिग्रॅमपेक्षा कमी हवं. म्हणजे ३०० ची मर्यादा पाळूनही भागत नाही. अंगणात बसायला जी माती चालते, ती कोंबडी पाळायला चालेलच असं नाही.

मग लोकांनी काय केलं? बागा सोडून दिल्या? मुळीच नाही! आकडा हातात आल्यावर उपायही सापडले. कुणी जमिनीवर उंच वाफे बांधून त्यात बाहेरची चांगली माती भरली, कुणी तर बागेतली सगळी मातीच बदलली. उघड्या मातीवर गवत लावलं किंवा पालापाचोळा पसरला, की धूळ उडत नाही. मोजलं नसतं, तर यातलं काहीच सुचलं नसतं.

हे शिसं आलं तरी कुठून?

आता आपल्या कोड्याचं उत्तर. मातीत शिसं आलं मुख्यतः दोन वाटांनी, रंगातून आणि पेट्रोलमधून.

पूर्वी घराच्या तेलरंगात शिसं भरपूर घालत. त्यामुळे रंग पांढराशुभ्र, टिकाऊ व्हायचा. उन्हापावसाने रंगाचे पोपडे निघाले, की ते भिंतीलगत पडायचे. म्हणून पागोळ्यांखाली ७०७! पेट्रोलमध्येही शिशाचं एक संयुग मिसळत, इंजिनात ठोके बसू नयेत म्हणून. गाडीच्या धुरातून ते बाहेर पडायचं आणि रस्त्याकडेला बसायचं. म्हणून रस्त्याकडच्या अंगणात ४१३ आणि मागे २२६. शहराच्या मध्यभागी जुनी घरंही जास्त आणि गाड्याही जास्त. जमलं का तुमचं उत्तर?

ऑस्ट्रेलियात शिसेयुक्त पेट्रोल २००२ सालीच बंद झालं. मग इतक्या वर्षांनी मातीत शिसं कसं? मुलांनो, केळ्याची साल कुजते, कागद कुजतो. शिसं कुजत नाही. ते मूलद्रव्य आहे. पडलं, की पडून राहतं.

रंगातल्या शिशाची गोष्ट तर सव्वाशे वर्षं जुनी आहे आणि तीही ऑस्ट्रेलियातलीच. १८९० च्या सुमारास ब्रिस्बेन शहरात लहान मुलं एका विचित्र आजाराने दवाखान्यात येऊ लागली. पोटात कळा, हातापायातली शक्ती गेलेली, काहींच्या डोळ्यांवर परिणाम. डॉक्टरांनी ओळखलं, की ही शिशाची विषबाधा आहे. पण शिसं येतंय कुठून? पाण्याची टाकी? भांडी? खेळणी? १९०४ साली डोळ्यांचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी उत्तर दिलं, व्हरांड्याच्या कठड्यांवरचा रंग! कडक उन्हात रंगाची भुकटी होते. मुलं कठड्याला धरून खेळतात, भुकटी बोटांना चिकटते. मग कुणी नखं कुरतडतं, कुणी अंगठा चोखतं. झालं!

पुष्कळांना हे पटलं नाही. कायदा व्हायला १९२२ साल उजाडलं. उत्तर शोधायलाच दहा-बारा वर्षं गेली होती. आज एक्सआरएफ यंत्र कठड्याला टेकवलं, तर मिनिटाभरात कळतं. त्या दहा-बारा वर्षांत किती मुलं त्या कठड्याला धरून खेळली असतील?

यंत्राचेही कान चुकतात

यंत्राने सांगितलं म्हणजे झालं, असं मात्र समजू नका. चांगला शास्त्रज्ञ आपल्या यंत्राच्या खोड्याही ओळखून असतो.

पहिली खोडी जुळ्यांची. शिशाचा एक आवाज आहे १०.५ आणि आर्सेनिक नावाच्या दुसऱ्या विषारी मूलद्रव्याचाही १०.५! फोनवर जुळ्या भावांचे आवाज ओळखू येत नाहीत, तसं होतं. मग शास्त्रज्ञ शिशाचा दुसरा आवाज ऐकतात, १२.६ चा. तो आर्सेनिकला काढता येत नाही. झाली ओळख!

दुसरी खोडी ओल्या मातीची. माती ओली असेल, तर पाणी किरण शोषतं आणि आकडा कमी येतो. म्हणून माती वाळवून, चाळून तपासलेली बरी. तिसरी, यंत्र फक्त वरचा पातळ थर पाहतं, खोलवरचं त्याला दिसत नाही. चौथी, पिण्याच्या पाण्यातलं किंवा रक्तातलं अगदी सूक्ष्म शिसं त्याला ऐकू येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली जास्त बारीक मोजणारी उपकरणं लागतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, मातीत किती शिसं आहे एवढंच यंत्र सांगतं. तुमच्या शरीरात किती गेलं, ते सांगत नाही. ते रक्ताच्या तपासणीतच कळतं.

आणि आपल्याकडे?

आता एक कबुली देते.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शिकवत होते त्या शाळेच्या खिडक्या-दारांना रंग दिला. इमारत जुनी. कारागिरांनी आधीचा रंग पॉलिश पेपरने खरखरून काढला. सगळा भुगा व्हरांड्यात. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी चौथीच्या मुलांना बोलावलं. आम्ही सगळ्यांनी मिळून हसतखेळत व्हरांडा झाडला. धुळीचे लोट उठले. मग तिथेच बसून भेळ खाल्ली. हात धुतले होते का? मला आठवत नाही.

तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या रंगात शिसं होतं की नव्हतं? कोणी मोजलंच नाही. ब्रिस्बेनच्या कठड्याची गोष्ट मी वाचली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो आमचा व्हरांडा.

आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. घरगुती रंगांसाठी २०१६ साली नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये आणि तसं डब्यावर छापलेलं हवं. चांगलीच गोष्ट आहे. पण नियमाच्या आधी दिलेला रंग जुन्या भिंतींवर, खिडक्यांवर, गजांवर अजून आहे. शिवाय गाड्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसंच असतं. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवल्या, की आसपासची माती बिघडते. युनिसेफने २०२० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात अंदाज आहे, की जगातल्या दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे. तेव्हा हा प्रश्न फक्त सिडनीचा नाही.

पुढे मी ही सगळी गोष्ट वर्गात सांगितली. त्या दिवशी झाडायला आलेल्यांपैकी एकीचा धाकटा भाऊ आता माझ्या वर्गात आहे. त्याने हात वर केला. "बाई, मग माझ्या ताईला काही झालं असेल का?"

वर्ग शांत झाला. मी खरं तेच सांगितलं. "एका दिवसाच्या धुळीने बहुतेक काही होत नाही. रोज रोज थोडी थोडी पोटात गेली, तर त्रास होतो. पण बाळा, ती चूक माझी होती. मी पुन्हा करणार नाही."

तो थोडा विचार करून म्हणाला, "आणि हात धुतले असते तर?"

"तर फारच छान झालं असतं!" मी म्हणाले. मधल्या सुट्टीत त्या दिवशी नळावर ही रांग लागली!

यंदा शाळेत पुन्हा रंगकाम निघालं. या वेळी मी आधी डबा हातात घेऊन त्यावरची शिशाबद्दलची ओळ वाचली. कारागिरांना सांगितलं, "दादा, जुना रंग कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, खाली प्लास्टिक अंथरा." काम संपल्यावर फरशी मोठ्या माणसांनी ओल्या फडक्याने पुसली. मुलांना त्या दिवशी शाळेत बोलावलंच नाही.

करून पाहा

तुमच्याकडे एक्सआरएफ यंत्र नाही. हरकत नाही! शास्त्रज्ञ यंत्र हातात घेण्याआधी एक काम करतात, ते तुम्हीही करू शकता. नकाशा काढा. तुमचं घर, अंगण किंवा बिल्डिंगचं आवार कागदावर काढा. रस्ता कुठे आहे? जुना रंग सुटलेली खिडकी, जिना, गज कुठे? पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं? लहान मुलं कुठे मातीत खेळतात? भाजी, तुळस कुठे लावली आहे? जिथे जुना रंग आणि मुलं एकत्र येतात, तिथे लाल गोल काढा.

आता पांढऱ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या. त्यांना पातळ व्हॅसलिन लावा. एक रस्त्याकडच्या खिडकीत ठेवा, दुसरा मागच्या. तीन दिवसांनी भिंगातून धुळीचे कण मोजा. कुठे जास्त? लक्षात ठेवा, हा प्रयोग धूळ किती आहे ते सांगतो. धुळीत काय आहे ते सांगत नाही. ते सांगायला यंत्रच हवं. या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळला, त्याला या लेखातलं निम्मं कळलं!

आईबाबांसाठी चार ओळी

घाबरून जाऊ नका, सवयी मात्र लावा. जेवणाआधी साबणाने हात धुणं, बाहेरच्या चपला बाहेरच ठेवणं, झाडण्याबरोबर ओल्या फडक्याने पुसणं. रंगाचे पोपडे सुटले असतील, तर रांगणाऱ्या बाळाला तिथून दूर ठेवा. जुना रंग कोरडा खरवडू नका. जुनी बॅटरी घरात उघडू नका, ती दुकानदाराला परत द्या. शरीरात लोह आणि कॅल्शिअम कमी असेल, तर शिसं जास्त मुरतं. म्हणून नाचणी, दूध, पालेभाज्या, कडधान्यं रोजच्या जेवणात असू द्या. आणि शंका वाटली, तर डॉक्टरांना विचारून मुलाच्या रक्तातलं शिसं तपासून घेता येतं.

तर बालमित्रांनो, सोन्याचा कस पाहायला माणूस हजारो वर्षांपूर्वीच शिकला. सोनं महाग ना! मातीचा कस पाहायला मात्र आपण आत्ताआत्ता शिकतो आहोत. खरं सांगा, तुम्ही दिवसभर कशात खेळता? सोन्यात की मातीत?

पुढच्या वेळी सोनाराकडे गेलात, तर ते खोकं जरूर पाहा. काकांना विचारा, "आत काय होतं, सांगू का?" आणि दहीहंडीची गोष्ट त्यांना सांगा. बघा, खूश होतात की नाही!

तुमच्या नकाशावर लाल गोल किती आले?

— तुमच्या बाई